थंडी आणि घाई

ऑक्टोबर उजाडला की श्टुटगार्टमधल्या गॅरेजांचे फोन सारखे खणखणायला लागतात. सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात चाकं बदलून हवी असतात. एप्रिलमध्ये उतरवलेली हिवाळी चाकं सहा महिने ज्या गोदामात मुक्कामाला असतात, त्याला इथे चक्क ‘टायरचं हॉटेल’ म्हणतात. भाडं भरलं की आपली चार चाकं रॅकवर नावानिशी राहतात. प्रत्येक टायरवर खडूने दोन-दोन अक्षरं लिहिलेली असतात: पुढचं डावं, मागचं उजवं, वगैरे. देवळाबाहेर चपला ठेवताना टोकन देतात, तसाच प्रकार.

अशाच एका गॅरेजात मी एका मुलाला घेऊन गेलो होतो. पुण्याहून येऊन त्याला दोन महिने झाले होते, सप्टेंबरमध्ये त्याने सेकंडहँड गाडी घेतली होती आणि तिला उन्हाळी टायर होते. त्याचा हिशेब तयार होता. “दादा, ऑल-सीझनच टाकून टाकतो ना. एकदाच खर्च. वर्षातून दोनदा ही उलथापालथ कोण करणार? आणि खरं सांगायचं तर आहेत त्या टायरना तरी काय धाड भरलीय? नक्षी चांगली आहे की.”

गॅरेजवाले आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याचा अंगठा धरला आणि भिंतीला टेकवलेल्या उन्हाळी टायरच्या नक्षीत नख रुतवायला लावलं. मग शेजारच्या हिवाळी टायरमध्ये. सकाळची वेळ, बाहेर ३ अंश. पहिल्या टायरला नख लागलं ते टेबलाच्या कडेला लागावं तसं. दुसऱ्यात ते खोडरबरात रुतावं तसं जरासं आत गेलं.

“पण दोन्ही रबरच ना?” त्याने मला मराठीत विचारलं.

दोन्ही रबरच. आणि या ‘च’मध्ये एवढं काही दडलंय की ते सांगायला मला परतीचा अख्खा रस्ता पुरला नाही.

रबर लवचीक का असतं, याचं उत्तर बहुतेकांच्या मनात स्प्रिंगसारखं असतं: आत काहीतरी ताणलं जातं आणि ते परत येतं. घरी एक जाडसा रबरबँड घ्या. तो झटकन पूर्ण ताणा आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लावा. कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग एकदम सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. या वेळी गार लागेल. लोखंडी स्प्रिंग असले चाळे करत नाही. रबराच्या आत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात, कढईत टाकलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. फरक इतकाच की या शेवया क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. उष्णतेमुळे त्या सतत वळवळत असतात. ताणल्यावर त्या सरळ होतात, आणि वळवळत वळवळत पुन्हा गुंता करायला बघतात. ही गुंता करायची ओढ म्हणजेच रबराचा ताण. म्हणजे रबराची लवचिकता मुळात उष्णतेवर चालते. उष्णता काढून घेतली की वळवळ मंदावते, आणि एका टप्प्यानंतर थांबते.

थांबते म्हणजे कशी? इथे आपल्या डोळ्यांसमोर पटकन खोबरेल तेल येतं. डिसेंबरात न्हाणीघरातली बाटली पांढरीफटक होऊन थिजते. पण रबर तसं थिजत नाही. तेलाच्या थिजण्याला एक ठरलेलं तापमान असतं. त्याच्या अलीकडे द्रव, पलीकडे घन. रबराची तऱ्हा वेगळी. ती बघायची असेल तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात जावं. चिक्कीचा पाक गॅसवरून उतरवला की वाहतो, ताटात ओतला की पसरतो. जरा निवला की ओढला तर तार निघते, सुरीने वड्या पाडता येतात. आणखी निवला की सुरीच मोडायची वेळ येते. तुकडा दाताखाली कट्‌कन तुटतो. या सगळ्यात पाक नेमका कधी ‘गोठला’? कधीच नाही. त्यातले रेणू शिस्तीत रांगा लावून बसले नाहीत. जसे होते तसेच, नुसते हालचाल बंद करून अडकले. काचेचंही असंच असतं, म्हणून शास्त्रज्ञ या बदलाला काचेचंच नाव देतात. चिक्की ही शास्त्रीय अर्थाने काच आहे. आणि पुरेसं गार केलेलं रबरही.

निव्वळ नैसर्गिक रबराची काच होते ती उणे ७० अंशांच्या आसपास. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या थरात, म्हणजे नक्षीच्या थरात, वापरतात त्या कृत्रिम रबरांपैकी स्टायरिन-ब्युटाडाइनची साधारण उणे ५०च्या आसपास, स्टायरिन जास्त घातलं तर आणखी वरच. नुसत्या ब्युटाडाइनची मात्र उणे १००च्या जवळ. हे आकडे ऐकून तो पुण्याचा मुलगा म्हणाला ते बरोबरच होतं: “मग श्टुटगार्टच्या शून्य अंशाला काय घाबरायचं? उणे ५० तर सायबेरियात.”

शंका चोख आहे. तिचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

पुन्हा चिक्कीच्या ताटाकडे जाऊ. अर्धवट निवलेल्या पाकाचा गोळा हातात घेऊन हळूहळू ओढा: तो लांबतो. तोच गोळा, त्याच तापमानाला, ओट्यावर आपटा: त्याचे तुकडे होतात. तापमान बदललं नाही, बदलली ती फक्त घाई. रेणूंना सरकायला वेळ मिळाला तर पदार्थ मऊ वागतो. वेळ दिला नाही तर कडक. आणि थंडी काय करते? रेणूंना सरकायला लागणारा वेळ वाढवते. म्हणजे गार करणं आणि घाई करणं, दोन्हींचा परिणाम एकच. रबराला थंडी आणि घाई यांतला फरक कळत नाही. १९५५ साली विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे एका समीकरणात बसवलं: इतके अंश गार केलं तर ते इतक्या पट घाई केल्यासारखं आहे. टायरच्या प्रयोगशाळांत आजही त्याच समीकरणाच्या जोरावर काम चालतं.

आता टायरची घाई किती असते ते बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक सेकंदाला सातेक फेरे घेतं. नक्षीचा एकेक ठोकळा रस्त्याला टेकतो तो जेमतेम सेकंदाचा शंभरावा भाग, आणि टेकतो ती जागाही केवढी? साधारण आपल्या तळहाताएवढी. दीड टनाची गाडी चार तळहातांवर उभी. ब्रेक दाबला की त्या तेवढ्या वेळात रबराने डांबरातल्या खडीच्या खाचाखोचांत शिरायचं, त्या धरायच्या, आणि सुटायचं. खडीवरचे उंचवटे मिलिमीटरच्या काही भागाएवढे असतात. त्यांच्यावरून घसटताना रबराला सेकंदाला हजारो, कधी लाखो धक्के बसतात. एवढ्या घाईत उणे ५०चा भरवसा उरत नाही. अंगठ्याच्या संथ दाबाला बऱ्यापैकी मऊ लागणारं रबरही त्या क्षणी, त्या धक्क्यांपुरतं, चिक्कीच्या वाटेवर असतं. वरून हवा थंड असेल तर ते त्या वाटेवर आणखी पुढे सरकतं.

यातली गंमत अशी की थोडं चिक्कीच्या वाटेवर असणं हवंच असतं. दबलेलं रबर लगेच टुणकन परत आलं, तर ते सुपरबॉलसारखं उसळेल. रस्ता धरणार नाही. पकड येते ती रबराच्या आळसातून. खाचेत शिरलेलं रबर सावकाश बाहेर येतं, त्या ओढाताणीत ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि त्यातून गाडी थांबते. फार चपळ नको, फार सुस्त नको. आणि पूर्ण कडक तर नकोच. रस्त्यावर ज्या तापमानाला, ज्या घाईला टायरला काम करायचं, तिथे हा आळस बरोबर बेतून द्यायचा, हीच रबर मळणाऱ्याची कला.

ही कला प्रयोगशाळेत कशी तपासतात ते ऐकून मी खूश झालो होतो. रबराचा छोटा तुकडा घेऊन त्याला सेकंदाला दहाएक वेळा हलके झोके देतात आणि किती ऊर्जा वाया गेली ते मोजतात. ६० अंशांना मोजलेला आकडा सांगतो की टायर इंधन किती खाईल. कारण धावता टायर गरम असतो आणि त्याचं दबणं-उलगडणं संथ असतं. तिथे आळस कमी हवा. शून्य अंशांना मोजलेला आकडा सांगतो की ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागेल. तिथे आळस जास्त हवा. ओला रस्ता काही शून्य अंशांचा नसतो. पण हजारो धक्क्यांची घाई त्या छोट्या यंत्रात आणता येत नाही, म्हणून तुकडा गार करतात. घाईच्या बदली थंडी. रबराला कुठे कळतंय!

या दोन आकड्यांचं भांडण टायरवाल्यांना वर्षानुवर्षं छळत होतं: एक सुधारला की दुसरा बिघडायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलॅं या फ्रेंच कंपनीने टायरच्या रबरात मिसळतात त्या काजळीचा मोठा भाग काढून तिच्या जागी सिलिका घालायला सुरुवात केली. सिलिका म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूच, फक्त अतिसूक्ष्म. अडचण अशी की सिलिका आणि रबर यांचं तेल-पाण्यासारखं वाकडं. त्यांना जुळवायला सिलेन नावाचं एक संयुग लागतं, ज्याचं एक टोक वाळूला आणि दुसरं रबराला धरतं. दोन्ही घरांत ओळख असलेला मध्यस्थ, दुसरं काय. या जोडीमुळे कमी इंधन आणि ओल्यात चांगली पकड हे एकाच टायरमध्ये बसलं, आणि आजच्या हिवाळी टायरचाही पाया तोच आहे. हिवाळी रबरात ब्युटाडाइन आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त ठेवतात आणि वरून तेल घालतात, काही कंपन्या तर सूर्यफुलाचं किंवा रेपसीडचं. पोळी मऊ राहावी म्हणून कणकेला तेलाचा हात लावावा, तसं.

उन्हाळी टायरची पाककृती उलट. जुलैत इथला डांबरी रस्ता तापतो, महामार्गावर लोक ताशी दीडशेने जातात. तिथे हिवाळी टायर नेला तर त्याचे मऊ ठोकळे लडबडतात, ब्रेकचं अंतर वाढतं आणि नक्षी बघता बघता झिजते. काही अतिवेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरबद्दल तर उत्पादक स्वतःच बजावतात की कडाक्याच्या थंडीत गाडी हलवूही नका, रबराला तडे जातील. ती शब्दशः चिक्की.

उन्हाळा आणि हिवाळा एकाच रबरात बसवायची धडपड टायरपेक्षाही जुनी आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबरी वस्तूंचं वेड आलं होतं. कोट, बूट, पिशव्या. पण तिथल्या हिवाळ्यात त्या लाकडासारख्या कडक व्हायच्या आणि उन्हाळ्यात चिकट, वास मारणारा लगदा. चार्ल्स गुडइयर नावाच्या, कर्जबाजारी होऊन तुरुंगाची हवा खाल्लेल्या माणसाला टपालाच्या पिशव्यांची सरकारी ऑर्डर मिळाली, तर त्या पिशव्याही उकाड्यात वितळल्या. १८३९ साली गंधक मिसळलेलं रबर त्याच्या हातून तापल्या शेगडीवर पडलं आणि वितळायच्या ऐवजी करपल्या चामड्यासारखं झालं. गंधकाने साखळ्यांना जागोजागी गाठी मारल्या होत्या. साखळ्या वळवळू शकत होत्या, पण एकमेकींवरून घसरून पळू शकत नव्हत्या. जगातला पहिला ‘ऑल-सीझन’ पदार्थ तोच म्हणायचा. गुडइयर १८६० साली वारला तेव्हाही डोक्यावर कर्ज होतंच. त्याच्या नावाची कंपनी १८९८मध्ये दुसऱ्यांनीच काढली; तिच्याशी त्याचा वा त्याच्या कुटुंबाचा संबंध नव्हता. त्याच कंपनीने १९७७ साली ‘टिएम्पो’ नावाचा टायर अमेरिकेत आणला. बारमाही टायरची मोठी विक्री तिथून सुरू झाली.

आता त्या प्रसिद्ध ७ अंशांबद्दल. जर्मनीत कुणालाही विचारा, तो सांगेल: पारा ७च्या खाली गेला की हिवाळी टायर. इतकं वर वाचल्यावर तुम्हालाही शंका आली असेल: जो पदार्थ एका ठरलेल्या तापमानाला बदलतच नाही, त्याला ७ची लक्ष्मणरेषा कुठून आली? ती रेषा नाहीच. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या रस्त्यावर ५ अंशांतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरच्या तोडीस तोड, कधी त्याच्याआधीही थांबतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. ७चा आकडा उपयोगी आहे तो वेगळ्या कारणाने. दुपारी ७ असेल तर पहाटे शून्य असू शकतं, पुलावर आणि झाडांच्या सावलीत त्याहून कमी, आणि तिथे रस्त्यावर नुसती ओल नसते.

तिथे असतो बर्फ. मराठीत आपण आकाशातून भुरभुरणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोळेवाल्याच्या लादीलाही. टायरच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. म्हणून पहिल्याला इथे हिम म्हणू.

हिमात रबराच्या मऊपणाइतकीच नक्षी महत्त्वाची. हिवाळी टायरचे ठोकळे नीट बघितले तर त्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो नागमोडी चिरा दिसतात. त्यांना साइप म्हणतात, हे एका आडनावावरून पडलेलं नाव. सांगतात असं की कत्तलखान्यात ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून साइप नावाच्या कामगाराने आपल्या बुटाच्या तळांना चिरा पाडल्या. १९२३ साली त्या कल्पनेचं अमेरिकेत पेटंटही निघालं. ब्रेक दाबला की या चिरा किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड हिमात रुतते. पण खरी मौज पुढे आहे. हिम चिरांत आणि खोबणींत भरून बसतं, आणि ते तसं बसावंच अशी नक्षी आखलेली असते. कारण हिमाला रबरापेक्षा हिमच जास्त घट्ट धरतं. मुलं हिमाचे गोळे करतात ते आठवा. मुठीत दाबलं की भुसभुशीत हिमाचा लाडू वळला जातो, तूप नाही, पाक नाही. टायरमध्ये अडकलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाशी सेकंदाच्या शंभराव्या भागात असाच लाडू वळतं, आणि गाडी पुढे जाते. उन्हाळी टायरची नक्षी पाणी बाहेर फेकायला केलेली. चिरा जवळपास नाहीत, खोबणी सरळ. त्यातून हिम निघून जातं आणि हाती काही राहत नाही.

हा लाडू का वळतो, हे मायकेल फॅरेडेने १८५०मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सांगितलं होतं. वितळत्या बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की चिकटून एक होतात. त्याचं म्हणणं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक पातळ थर असतो. दोन पृष्ठभागांमध्ये तो सापडला की गोठतो. फार लोकांना ते तेव्हा पटलं नाही. शाळेत आपल्याला वेगळंच शिकवलं होतं: वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरायला होतं. गणित करून बघा, गाडीच्या टायरखालच्या दाबाने वितळणबिंदू एका अंशाचा शंभरावा-पन्नासावा भाग एवढाच खाली येतो. तेवढ्याने काही होत नाही. फॅरेडेचा तो सैल थर आणि घर्षणाची उष्णता हेच घसरण्याचं मोठं कारण. त्यामुळे एक उफराटी गोष्ट घडते: उणे २० अंशांचा कडक बर्फ बराच बरा धरतो, आणि शून्याच्या आसपासचा, चकाकणारा, ओलसर बर्फ सगळ्यात दगाबाज. लॅपलंडपेक्षा श्टुटगार्टची पहाट अवघड, ती यासाठी.

त्या गुळगुळीत बर्फावर मात्र कुठल्याच साध्या टायरची मात्रा फारशी चालत नाही. स्वीडन-फिनलंडमध्ये खिळ्यांचे टायर वापरतात. जर्मनीत रस्ते खरवडले जातात म्हणून त्यांवर १९७५पासून बंदी आहे. हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरवरून, कोरड्या डांबरावर जिथे घर्षणांक ०.८ धरू, गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. हिमावर ०.३ मिळाला तर ३३ मीटर. बर्फावर ०.१, तर ९८ मीटर. चौकात थांबायचं होतं, थांबलो पुढच्या चौकात. आणि हा हिशेब लिहिताना वेगाचा वर्ग येतो, म्हणून वेग अर्धा केला की ९८चे जेमतेम २५ होतात. घाई कमी केल्याने होणारा हा फायदा कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

तर ऑल-सीझन. ही टायरची तडजोड आहे, आणि तडजोड हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. रबर हिवाळ्यापेक्षा जरा टणक, उन्हाळ्यापेक्षा जरा मऊ. चिरा आहेत पण कमी. तो जुलैत उन्हाळी टायरपेक्षा काही मीटर उशिरा थांबेल आणि जानेवारीच्या हिमात हिवाळी टायरपेक्षा काही मीटर उशिरा. पण जानेवारीच्या हिमात उन्हाळी टायरच्या कितीतरी आधी थांबेल. एकटा उन्हाळी की एकटा ऑल-सीझन, एवढाच प्रश्न असेल आणि हिवाळ्यात गाडी काढायची असेल, तर तिथे चर्चेला जागाच नाही.

फक्त नावावर जाऊ नये. टायरच्या कुशीवर दोन खुणा शोधाव्यात. एक ‘एम अधिक एस’, म्हणजे चिखल आणि हिम. ही खूण उत्पादक स्वतःच छापतो, त्यासाठी परीक्षा नाही. दुसरी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल. ही १९९९मध्ये अमेरिकेत ठरली आणि तिला हिमावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४पासून हिवाळ्यासाठी फक्त डोंगरवालीच चालते. न्यू जर्सी किंवा टोरांटोकडच्या आपल्या मंडळींनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं: तिकडे ‘ऑल-सीझन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ टायरवर फक्त ‘एम अधिक एस’ असतं. डोंगरवाल्या बारमाही टायरना तिथे ‘ऑल-वेदर’ म्हणतात. एका शब्दाचा फरक, पण क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हा फरक कायद्याचाही आहे.

जर्मन कायद्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती गमतीची आहे. २००६मध्ये त्यांनी नियम केला की टायर ‘हवामानाला साजेसे’ असावेत. साजेसे म्हणजे काय, हे लिहायचं राहिलं. २०१०च्या उन्हाळ्यात ओल्डेनबुर्गच्या उच्च न्यायालयाने एका वाहनचालकाचा दंड रद्द केला, नियमच संदिग्ध म्हणून. डिसेंबरात, हिवाळ्याच्या तोंडावर, लगबगीने नवा नियम आला. त्यात तारखा नाहीत. रस्त्यावर हिम, चिखलबर्फ, बर्फ किंवा गोठलेलं दव असेल तर योग्य टायर हवेत, नसतील तर आता ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. गाडी उभी ठेवली तर काही नाही. लोक मात्र ‘ओ ते ओ’ पाळतात: ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. बाकी आपल्या टायरच्या अवस्था दोनच, नवा आणि गोटा. पण पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन डिसेंबरात मनालीला जाणारे आता बरेच झालेत. त्या गाड्यांचे टायर आपल्या उकाड्यासाठी मळलेले असतात. अटल बोगद्यापलीकडे गाडी घसरली तर दोष ड्रायव्हिंगचा असेलच असं नाही. तिथले टॅक्सीवाले चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. ते बांधत असतील तेव्हा आपण हॉटेलात चहा घ्यावा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो राहतो दरीत, शहराच्या तळाशी. श्टुटगार्ट हे एका खोलगट कढईत वसलेलं गाव आहे. ऑफिसला ट्रामने जातो, गाडी शनिवार-रविवारी किराणा आणि मित्रांकडे. वर्षाला आठ हजार किलोमीटरही होत नाहीत. वर्षातले हिमाचे दिवस थोडे, आणि त्या दिवशी गाडी घरी ठेवायची त्याची तयारी आहे. मी त्याला ऑल-सीझनच घ्यायला सांगितलं, डोंगराची खूण बघून. मी स्वतः गावाबाहेर, चढावर राहतो, सकाळी सहाला निघतो, आणि हिवाळ्यात दोन-तीनदा आल्प्सकडे जाणं होतं. माझ्याकडे दोन जोड आहेत आणि राहतील. पैशाचं म्हणाल तर दोन जोडांनी टायरचा खर्च दुप्पट होत नाही, कारण एक वापरात असताना दुसरा हॉटेलात झोपलेला असतो, झिजत नाही. जादा जातो तो हॉटेलचा, बदलाईचा आणि दुसऱ्या रिमचा खर्च. त्याच्या वापराला तो परवडत नव्हता, इतकंच.

टायर बसवून झाल्यावर आजोबांनी खिशातून २ युरोचं नाणं काढलं आणि नव्या नक्षीच्या खोबणीत उभं खोचून दाखवलं. नाण्याची बाहेरची चंदेरी कड पूर्ण आत गेली. ही कड साधारण ४ मिलिमीटर रुंद असते. कायद्याला इथे १.६ मिलिमीटर चालतात, पण हिमाला ४ लागतात. कड दिसायला लागली की टायर बदला.